शेवटचा रकाना

आमच्या घरात पितळेचा एक तांब्या होता. बाकी सगळा संसार डब्यांचा. पाणी घासलेटच्या डब्यात, पीठ वनस्पती तुपाच्या डब्यात, मीठ बिस्किटाच्या डब्यात. दाराची फळी सडली तेव्हा बापानं एक डबा उलगडून त्याचा पत्रा तिथं ठोकला. बाप आमच्या सोनाळा गावात दुसऱ्याच्या वावरात सालानं राबायचा, माय निंदायला जायची. डबा विकत आणायची वस्तू आहे हे मला मोठा होईपर्यंत माहीत नव्हतं. डबा कुणीतरी टाकायचा आणि आपण उचलायचा. एकदा दुकानदारानं टाकलेल्या डब्यावरून माय आणि शेजारची कासाबाई अशा भिडल्या, की एकीच्या झिंज्या दुसरीच्या मुठीत आल्या. डबा मायनंच आणला. त्याची कड लागून तिच्या तळहातावर चीर पडली, ती मरेपर्यंत दिसायची.

हे आधी सांगितलं, कारण त्याशिवाय उमाळेसाहेब काय चीज होते ते कळणार नाही.

मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी फुशारकीनं सांगतो आणि सांगणारच. अकोल्याच्या शेतकी कॉलेजातून बी.एस्सी. होऊन, नवीन बूट घालून मी संग्रामपूरकडच्या एका सरकारी फार्मावर नोकरीला लागलो. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कापसाच्या पऱ्हाटीवर फवारायची नवी औषधं सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोचली होती आणि शेतकरी त्यांच्यासाठी रांगा लावत होते. फार्माच्या गोदामावर स्टोअरकीपर होते रामभाऊ उमाळे. ठेंगणा माणूस, बैलासारखी मान, जवानीतल्या कुस्त्यांत चुरगळून गेलेला एक कान, आणि त्याच कानावर लाल-निळी पेन्सिल. शिक्षण सातवी.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. पायानं एक डबा माझ्याकडं ढकलला.

"हे काय हाय?"

"रिकामा डबा आहे, साहेब."

"रिकामा?"

"हो."

त्यांनी माझी मानगूट धरली आणि माझं डोकं त्या डब्यात कोंबलं. मी हातपाय झाडले. घसा आवळला, डोळ्यांत सुया टोचल्या. सोडलं तेव्हा मी गुडघ्यावर येऊन ओकलो, नव्या बुटांवरच.

"आता सांग बे, बीएस्सी. रिकामा हाय?"

त्या दिवसापासून माझं नाव 'बीएस्सी' पडलं. मी चिडून वर तक्रार करायचं ठरवलं होतं. केली नाही, कारण संध्याकाळी तेच माझ्यासाठी गूळ-पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "मारतो मी. आदत हाय. पन सांगून समजलं असं एक मानूस दाखव मले, मी हात कापून देतो."

ते खरोखरच मारायचे. फवारणीच्या पंपाची नळी तोंडानं फुंकून साफ करणाऱ्या मजुराच्या त्यांनी भर वावरात थोबाडीत मारली होती. त्याचा दात हलला. आठवडाभर त्याला स्वतःच्या घरी जेवायला घातलं, पण माफी मागितली नाही. घरी त्यांची बायको सरूबाई त्यांना म्हणायची, "तुमाले बोलाच्या आधी हात फुटले." ते म्हणायचे, "हाव. तोंड मांगून फुटलं."

त्या काळात वरच्या कचेरीतून एक विलायती पुस्तिका आली होती. इंग्रजीत. एखाद्या औषधाचा आख्खा जन्म तिच्यात मोजायचा होता: कारखाना, वाहतूक, साठवण, फवारणी, माती-पाणी आणि शेवट. प्रत्येक रकान्यात त्या औषधानं माणसाला, ढोराला, मातीला किती अपाय होतो ते ठरलेल्या गुणांनी भरायचं, मग बेरीज बघून औषध सुरक्षित की नाही ते सांगायचं. आमच्या मोठ्या साहेबांनी पुस्तिकेतले छापील गुणच उतरवून परत पाठवायला सांगितलं. उमाळेसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला पोत्यावर बसवलं.

"वाच. मराठीत वाच."

मी वाचू लागलो. "वाहतूक. बंद गाडीतून, वेगळ्या कप्प्यात."

"आपल्या इथं बैलगाडीत. वर बायको बसते, तिच्या मांडीवर लेकरू. लिव."

"फवारणारा मनुष्य हातमोजे घालतो. काम झाल्यावर कपडे बदलतो."

"कपडे बदलते म्हने!" ते इतके हसले की खोकला लागला. "दुसरे हायेत कोनापाशी? लिव, त्याच धोतरात घरी जाते, त्याच धोतरानं पोराचं नाक पुसते."

"पंप धुतलेलं पाणी पक्क्या खड्ड्यात सोडावं."

"विहिरीवर धुते. ढोरं पेतात त्या हाळात."

असं करत आम्ही शेवटच्या रकान्याशी आलो. तिथं छापलं होतं: रिकामा डबा फेकून द्यावा. अपाय शून्य.

उमाळेसाहेब उठले. पेन्सिल कानावरून काढली आणि त्या शून्यावर अशी रगडली की कागद फाटला.

"फेकून? आपल्या इथं कोन फेकते बे? तुह्या मायनं आजवर काई फेकलं?"

माझा चेहरा उतरला होता. त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय केलं?" त्यांचा आवाज एकदम खाली आला.

मी सांगून टाकलं. सरकारी नियमानं रिकामे डबे म्हणजे मृत साठा. वर्षातून दोनदा फार्मावर त्यांचा लिलाव व्हायचा, गावोगावचे लोक ते घेऊन जायचे. मी रुजू झालो त्याच आठवड्यात असा लिलाव झाला होता. जाड पत्र्याचा, घट्ट झाकणाचा एक सुरेख डबा मी मायसाठी घेतला होता. माझ्या नोकरीची तिला पहिली भेट.

"त्यात काय भरलं?"

"ज्वारीचं पीठ. पण मायनं राखेनं तीनदा घासला, साहेब. वास गेला होता."

"अन् ते राख? कुठं टाकली?"

"उकिरड्यावर."

"कोंबड्या हायेत घरी?"

"होत्या. मानमोडीच्या रोगानं मेल्या. सगळ्या एकाच दिवशी."

पुढचं वाक्य बोलायला ते थांबलेच नाहीत. गोदामातली कुऱ्हाड सायकलच्या दांडीला बांधली, मला मागं बसवलं आणि सोनाळ्याचा रस्ता धरला.

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. आमच्या दारात कधी साहेब आला नव्हता. ती पदर सावरत उठेपर्यंत उमाळेसाहेब आत शिरले, डबा बाहेर ओढला आणि अंगणात त्याच्यावर कुऱ्हाड घातली. पहिल्याच घावात पत्रा उकलला. पिठाचा लोट उठला. ते घाव घालतच राहिले.

"अरे मेल्या! माह्या लेकानं आनला तो!" माय ओरडली आणि चुलीजवळची लोखंडी फुकणी घेऊन धावली. मी मध्ये पडायच्या आत तिनं फुकणी त्यांच्या टाळक्यात हाणली. रक्त भुवईवर आलं. त्यांनी एका हातानं रक्त पुसलं आणि दुसऱ्या हातानं शेवटचा घाव घातला. मग सांडलेलं पीठ पायानं मातीत कालवलं.

"मावशे, आनखी मार," ते म्हणाले. "पन ह्या पिठाची भाकर खाल्ली तं तू मले माराले उरशीन नाही."

"कोंबड्या मानमोडीनं मेल्या!"

"कोंबड्या तू केलेली राख खाऊन मेल्या. तू तीनदा घासला म्हून तू वाचली. चार माणसं घासतील, पाचवं घासनार नाही. ते मरन. अन् त्या चौघाइची राख कोन खाईन?"

'याची राख कोण खाते?', म्हणजे मागं उरतं ते कुणाच्या पोटात जातं, हा त्यांचा जुनाच बोल. नवं बियाणं आलं, नवं खत आलं, ट्रॅक्टर आला, तरी प्रत्येक वस्तूपुढं उभं राहून ते हाच प्रश्न करायचे. फार्मावरचे लोक त्यांना मागं 'राखसाहेब' म्हणत. मीही म्हणायचो. त्या दिवसापासून म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून ते मोठ्या साहेबांपुढं उभे राहिले. लिलाव बंद करा म्हणाले. मोठे साहेब विलायतेची पुस्तिका मानणारे.

"उमाळे, तक्त्यात डब्याचा अपाय शून्य आहे. तुम्ही सातवी पास. पुरावा आहे?"

"कोंबड्या हायेत."

"मेलेल्या कोंबड्यांचा पुरावा मी मुंबईला पाठवू?"

"मंग कशाचा पाठवता? मेलेल्या मानसाइचा?"

साहेबांनी दार दाखवलं. पुढचा लिलाव होणार होता तो झालाच. पण त्याआधी उमाळेसाहेबांनी साठच्या साठ डब्यांवर लाल रंगानं नंबर टाकले आणि कोणता नंबर कोणत्या गावी, कुणाच्या हाती गेला ते एका वहीत लिहून घेतलं. घेणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, "खाण्यापेण्याचं यात ठेवू नोको, मरशीन." लोक "हाव साहेब" म्हणत आणि डबा डोक्यावर घेऊन जात. मग सुटीच्या दिवशी, रजा टाकून, हा माणूस सायकलवर त्या डब्यांमागं फिरू लागला. फेकलेला डबा आपल्या मुलखात कुठं कुठं जातो, त्याचा खराखुरा रकाना त्यांना भरायचा होता. वहीतल्या नोंदी मीच साफ अक्षरात उतरवायचो. सात नंबर, विहिरीवर पोहरा. बारा नंबर, बाळंतिणीचं पाणी तापवायला. एकोणीस नंबर, मंदिरात तेलाचा.

डबा दिसला की ते हात जोडून मागत. दिला नाही तर हिसकावत. मार खात, मार देत. एका गावात त्यांच्यावर कुत्री सोडली. ते लंगडत आले आणि पोटरीवरचे दाताचे व्रण दाखवत म्हणाले, "लिव. तेवीस नंबर जमा."

बेचाळीसपर्यंतचे बाकी सगळे जमा झाले, एकतीस नंबरचा तेवढा एका पत्रेवाल्यानं विकत घेऊन पार धाड गावच्या बाजारात नेल्याचं कळलं. बुलढाण्याला बस बदलून ते तिकडं गेले. मी सोबत होतो. बाजार गच्च भरलेला. पत्रेवाल्यानं गोणपाटावर नरसाळी मांडली होती, त्यातल्या एका नरसाळ्यावर लाल आकडा अर्धा दिसत होता. एक बाई तेच हातात घेऊन बघत होती.

उमाळेसाहेबांनी तिच्या हातातलं नरसाळं ओढलं आणि पायाखाली चेचलं. मग दुसरं. मग तिसरं. कोणतं कोणत्या पत्र्याचं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून सगळीच चेचत सुटले.

"अबे पागल झाला का?" पत्रेवाला ओरडला. "माह्यं पोट तुडवून राह्यला हा!"

त्याचंही खोटं नव्हतं. त्यानं लाकडी मोगरी उचलली आणि साहेबांच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळली पऱ्हाटी मोडल्यासारखा. ते खाली बसले, पण तुडवलेलं नरसाळं त्यांनी छातीशी धरून ठेवलं. बाजारच्या लोकांनी चोर म्हणून आणखी चार लाथा घातल्या. मला दोनच बसल्या, कारण मी "सरकारी, सरकारी" ओरडत होतो.

गळपट्टीचं हाड मोडलं म्हणून ते दीड महिना खाटेला लागले. वहीत पुढचा नंबर होता त्रेचाळीस. मी म्हणालो, मी जातो. ते म्हणाले, "तू मार खाणारा नाही. मी उठलो का जातो." मीही फार आग्रह केला नाही. दीड महिना कुणीच गेलं नाही.

फार्मापासून दोन कोसांवरच्या एका गावात नवसाचं जेवण होतं. ऊन मी म्हणत होतं. ताक करून सकाळपासून एका मोठ्या झाकणाच्या डब्यात ठेवलं होतं. पंगत उठायच्या आत लोक आडवे व्हायला लागले. तोंडाला फेस, हातापायांना आचके. ज्यांना बैलगाडीत घातलं ते वाटेत एकमेकांच्या अंगावर ओकत होते. घरचा म्हातारा आणि त्याची सहा वर्षांची नात, दोघं गेली.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्या गावच्या गाड्या फार्माच्या फाटकात आल्या. पुढच्या गाडीत मुलीचा बाप उभा होता. त्याच्या हातातल्या उभारीच्या, गाडीच्या उपसलेल्या उभ्या खुंटाच्या, टोकाला डबा लटकत होता. लाल अक्षरात त्रेचाळीस.

मोठ्या साहेबांनी कचेरीला आतून कडी घातली आणि खिडकीतून उमाळेसाहेबांना हाक मारली. खांद्याची पट्टी सुटून तेव्हा दोनच दिवस झाले होते.

"उमाळे, सांगा की नंबर आपला नाही. आणि ती वही चुलीत टाका. ऐकताय ना? वही नसेल तर काहीच नाही."

उमाळेसाहेबांनी वही माझ्या सदऱ्यात खुपसली. "बीएस्सी, मेला तरी हे सोडू नोको." आणि फाटकाकडं चालत गेले.

"हा डबा कोनाचा?" मुलीच्या बापानं विचारलं.

"आमचा. त्रेचाळीस नंबर. म्याच रंगवला."

पहिली काठी कोणाची पडली ते दिसलं नाही. मग काठ्याच काठ्या. कोणी दगड घेतला. त्यांनी हात वर केला नाही. ज्या माणसाचा हात बोलायच्या आधी उठायचा, त्यानं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतल्यासारखे ठेवले होते. चुरगळलेल्या कानातून रक्त आलं. ते पडले. मुलीचा बाप पुढं आला आणि त्यानं उभारी त्यांच्या मोडक्या खांद्यात दाबली.

"नंबर काऊन टाकला बे?"

"कुठं जाते ते पाहाले."

"म्हन्जे तुले माहीत होतं? माहीत होतं तं जाऊ काऊन देल्ला?"

मी गोदामाच्या दारात उभा होतो. वही पोटाशी होती. मी पुढं झालो नाही. वही सांभाळत होतो असं मी पुष्कळांना सांगितलं. खरं कारण भीती होती.

उमाळेसाहेबांनी तोंडातलं रक्त थुंकलं. "अडवता आलं नाही म्हून मांगं गेलो. अन् मांगं पडलो. चुकलं माह्यं. जीव घे, नाही म्हनत नाही. पन सतरा डबे आनखी गावागावांत हायेत. त्या पोट्ट्याजवळ वही हाये. त्यात नावं हायेत. आधी ते आना, मंग मले मारा."

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. उभारी तशीच दाबलेली. मग त्यानं ती उपसली आणि माझ्याकडं वळून ओरडला, "वाच बे!"

मी वाचलं. आयुष्यात इतक्या मोठ्यानं कधी वाचलं नव्हतं. नंबर, गाव, नाव. एकेका नावावर एकेक गाडी निघाली. आलेली माणसं कुणाची समजूत घालत बसली नाहीत. घरात घुसली, भरलेले डबे अंगणात पालथे केले, धान्य तुडवलं, आडव्या आलेल्यांना ढकललं. एका म्हातारीचा हात पिरगळला. संध्याकाळपर्यंत फार्मावर चौदा डबे आले. तीन सापडले नाहीत. आणलेल्या डब्यांवर मुलीच्या बापानं आधी कुऱ्हाड चालवली, मग बाकीच्यांनी. त्रेचाळीस नंबरचा त्यानं एकट्यानं फोडला. फोडून पत्रा झाला तरी तो थांबेना, तेव्हा त्याच्या भावानं त्याला मिठी मारून धरलं.

पुढं चौकशी झाली. लिलाव नियमानं झाला होता, त्यामुळं मोठ्या साहेबांना काही झालं नाही. उमाळेसाहेबांना घरी बसवलं. आरोप असा: सरकारी मालावर विनापरवाना रंग लावून तो विद्रूप केला.

ती वही मी इंग्रजीत उतरवली. विलायती तक्त्याचा प्रत्येक रकाना आणि त्याच्या शेजारी आमच्याकडचा रकाना, उमाळेसाहेबांनी सांगितलेला. माझ्या पदवीचा मला खरा अभिमान त्या दिवशी वाटला. वर पाठवली. उत्तर नाही. पुन्हा पाठवली. बदली झाली. बदलीच्या जागेवरून पाठवली. मला खडसावलं, माझी बढती अडवली. मी पाठवत राहिलो. पुष्कळ वर्षांनी एकदा माझ्या टेबलावर हुकुमाचा मसुदा आला: औषधांच्या तक्त्यात शेवटचा रकाना देशातल्या चालीप्रमाणं भरावा, लिलाव बंद, प्रत्येक रिकाम्या डब्याला भोक पाडावं. शेरा मारून परत पाठवायचा होता.

तो घेऊन मी उमाळेसाहेबांच्या गावी गेलो. बुलढाण्याजवळ त्यांचं थोडं वावर होतं, वांगी लावत. खांदा कायमचा वाकडा झाला होता, एका कानानं ऐकू येत नव्हतं. मी चांगल्या कानाशी जाऊन मसुदा मराठीत वाचला. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

"भोक कुठं पाडाचं लिवलं?"

"बुडाला, साहेब."

त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. डाव्या हातानं, म्हातारपणाची, पण पुरेशी. मग मला वाफ्यात नेलं. सरूबाई वांग्यांना पाणी घालत होत्या. त्यांच्या हातात तुपाचा जुना डबा होता, बुडाला खिळ्यानं पाडलेली दहा-वीस भोकं, त्यातून बारीक धारा पडत होत्या.

"भोक पाडलं तं झारी होते, बीएस्सी. मोठं पाडलं तं चूल होते. तुह्या मायले इचारायचं होतं ना बे, आनाच्या आधी."

"मग काय लिहू?"

त्यांनी वाफ्याच्या कडेला पडलेली कुदळ उचलली, तिचा दांडा मसुद्यावर टेकवला. "भोक पाड. ठोकून चपटा कर. अन् जमिनीत पूर. तीन कामं. एक कमी केलं तं तो डबा वापस घरात येतो."

मी तिथंच गुडघ्यावर कागद ठेवून ती दोन कामं मसुद्यात घातली. ते चांगला कान माझ्या पेनाकडं करून उभे होते, जणू लिहिल्याचा आवाज ऐकू येतो. लिहून झाल्यावर म्हणाले, "जा आता. गाडी चुकन." आणि सरूबाईंच्या हातातली झारी घेऊन वाकड्या खांद्यानं पुढच्या वाफ्यात गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

हुकूम निघाला तो तीन कामांचा निघाला. आमच्या फार्माच्या मागं खड्डा आहे. त्या दिवसापासून औषधाचा एकही आख्खा डबा त्या फाटकातून बाहेर गेलेला नाही, आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात शून्य नाही.